वत्सगुल्म ते राघववेळ

वाशीम म्हटलं की सरकारी यादीतला ‘आकांक्षित जिल्हा’ आठवतो. सरळ भाषेत मागास. पण याच गावाला वाकाटकांच्या काळात वत्सगुल्म म्हणत आणि चौथ्या शतकात इथला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. सत्यभामेसाठी कृष्णाने पारिजात आणल्याची कथा त्याने ‘हरिविजय’मध्ये लिहिली, तीही संस्कृतात नव्हे, महाराष्ट्री प्राकृतात. ते काव्य आज हरवलं आहे. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे. पुढे राजशेखराने तर साहित्यविद्येचं लग्नच वत्सगुल्मात लावून दिलं!

त्यानंतर मी थेट १९९५ मध्ये येतो. त्या वर्षी मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘राघववेळ’ या कादंबरीला मिळाला. लेखक नामदेव कांबळे, शिरपूर जैनचे. अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला १९९८ मध्ये. म्हणजे जिल्ह्याआधी जिल्ह्याची कादंबरी दिल्लीला पोचली होती. पेशाने शिक्षक असलेल्या कांबळे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीही मिळाली.

‘राघववेळ’ ही मातंग समाजातल्या एका बाईच्या जगण्याची गोष्ट आहे. दलित साहित्य म्हटलं की आपल्याला आधी आत्मकथनं आठवतात. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ यांनी मराठी वाचकाला हादरवलं. कादंबरीचं काम वेगळं असतं. तिथे लेखकाला स्वतः बाजूला होऊन दुसऱ्याच्या, इथे तर एका बाईच्या, मनात शिरावं लागतं. मला हे जास्त अवघड वाटतं, आणि वऱ्हाडी मुलखातल्या माणसाने ते पेललं याचं मोल पुरस्काराहून मोठं आहे.

आता आपल्याकडे वळतो. याच जिल्ह्यात मंगरूळपीर आहे, ज्याच्या नावातच पीर आहे. तिथल्या हयात कलंदरांच्या दर्ग्यावर सगळ्या जातींची माणसं जातात. वऱ्हाडातला मुसलमान घरात दखनी वळणाची उर्दू बोलतो आणि बाजारात अस्सल वऱ्हाडी. दोन्ही बोली त्याच्या जिभेवर असतात. तरीही त्याच्या घरातली अम्मी, तिची शिलाई मशीन, पोराला मराठी शाळेत घालावं की उर्दू यावरून होणारी भांडणं मराठी कादंबरीत मला फारशी सापडत नाहीत.

हमीद दलवाईंचं ‘इंधन’ १९६५ मध्ये आलं. त्यांच्या इतर मतांवर आपण कितीही वाद घालू, पण कोकणातलं मुस्लिम गाव त्यांनी आतून लिहिलं. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यानंतर आपल्यात कविता पुष्कळ झाली, वैचारिक लेखनही झालं. मी स्वतःही लेखच लिहीत बसलो आहे. लेखात आपण आरोपांना उत्तरं देतो, कादंबरीत कुणाला उत्तर द्यायचं नसतं. मंगरूळपीरच्या, कारंज्याच्या एखाद्या पोराने किंवा पोरीने उद्या चारशे पानं लिहिली, तर ती वाचायला मी पहिला बसेन.