विहारयात्रा की धर्मयात्रा?

भिवंडीहून कामणच्या रस्त्याने वसई गाठणे अवघड नाही; तरी मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना तिथला किल्ला नीट पाहायला चाळिशी उलटावी लागली. वसई म्हणजे चिमाजी अप्पा आणि १७३९, एवढेच आम्ही वर्गात सांगत आलो. तटाच्या आत मात्र एका पोर्तुगीज नगराचे अवशेष उभे आहेत: छपरे हरवलेली चर्चे, मठ, थडग्यांवरच्या कोरीव शिळा. १५३४ पासून दोनशे वर्षे इथे संसार झाले, याचा आमच्या टिपणांत उल्लेखही नाही. चर्चमधल्या घंटा विजयानंतर मराठ्यांनी नेल्या. एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही आहे. मेक्सिकोतील मेरिदा येथे स्पॅनिशांनी माया मंदिरांचे दगड कॅथीड्रलला लावले. ते आम्हाला चटकन खुपते, घंटेचा मात्र अभिमान वाटतो!

परतताना नालासोपाऱ्याच्या स्तूपाशी थांबलो. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये त्याचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच सापडला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रेला निघत, आपण धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्या लेखात सांगतो. आमची सहल यांपैकी कोणती, यावरचा वाद भिवंडी आली तरी मिटला नव्हता.