वाचा जाते म्हणजे काय जातं?

घरात कुणाला पक्षाघात झाला की आपण म्हणतो, 'त्यांची वाचा गेली.' आज या एका वाक्याचा इतिहास पाहू.

ग्रीक या दुखण्याला आघाताने कोसळणं म्हणत. आपल्याकडे दोष वायूवर गेला, म्हणून अर्धांगवायू. १६५८ मध्ये योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनांतून दाखवलं, की अशा काही रोग्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते, आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो, हे पुढे स्पष्ट झालं. मग प्रश्न आला, कोणता भाग गेला की काय जातं?

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्यापुढे लेलाँ नावाचे ८४ वर्षांचे मजूर आले. झटक्यानंतर त्यांच्याकडे पाचच शब्द उरले होते: हो, नाही, तीन, नेहमी आणि स्वतःचं नाव, तेही मोडकं. अपत्यं किती? म्हणाले 'तीन', पण बोटं चार दाखवली. मुलगे? 'तीन', बोटं दोन. मुली? पुन्हा 'तीन', बोटं दोन. धंदा विचारला, तर फावड्याने माती उपसून दाखवली. हिशोब चोख होता, शब्द तेवढा सापडत नव्हता. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली.

१८७४ मध्ये कार्ल वेर्निकेने उलट प्रकार मांडला. इजा जरा मागे, कानाच्या बाजूच्या भागात झाली, तर माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला नीट उमगत नाही. म्हणजे वाचा ही एकच वस्तू नव्हे.

आता आमच्या विषयाकडे येतो. भर्तृहरीच्या मते सगळं ज्ञान शब्दात ओवलेलं असतं. मग लेलाँची चार बोटं त्याला खोटं पाडतात का? आम्हाला तसं वाटत नाही. वैखरीच्या आत मध्यमा आणि पश्यंती आहेत, हेही तोच सांगतो. लेलाँची गेली ती वैखरी. वेर्निकेच्या रोग्यांचा घाव मात्र आणखी आत पोचतो, हे मान्य करायला हवं.

हा वाद पंडितांपुरता नाही. खाटेवरच्या माणसासमोरच आपण बोलून जातो, 'आता यांना काही कळत नाही.' ब्रोकाने तसं गृहीत धरलं नाही. त्याने प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकताना बोटांकडेही पाहिलं. आपल्याला एवढं तर करता येईल.