साउदॅम्प्टन ओल्ड बोलिंग ग्रीन
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन बंदरातील लॉन बोल्स क्लब. जुन्या तटबंदीतील गॉड्स हाउस टॉवरजवळचे त्याचे हिरवळीचे मैदान १२९९ पासूनचे मानले जाते. आजही वापरात असलेले ते जगातील सर्वांत जुने बोल्स मैदान असल्याचे क्लब सांगतो. ‘जॅक’ या लहान पांढऱ्या चेंडूच्या शक्य तितक्या जवळ आपला गोळा नेणे, हे या खेळाचे मर्म. गोळ्याची घडण एका अंगाला झुकती असल्याने तो वळत जातो. त्यामुळे ताकदीपेक्षा अंदाज मोलाचा ठरतो. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने सामान्य कष्टकऱ्यांना नाताळाखेरीज हा खेळ वर्ज्य होता. ते निर्बंध १८४५ मध्ये उठले.

क्लबची खरी ओळख म्हणजे १७७६ पासूनची ‘नाइटहूड’ स्पर्धा. तिच्या विजेत्याला क्लबपुरता ‘सर’ हा किताब मिळतो. मात्र त्याला पुन्हा स्पर्धेत उतरता येत नाही. उंच टोपी आणि लांब शेपटीचा कोट घातलेले जुने ‘नाइट’च पंचाचे काम करतात. जिंकलेल्याने पुढच्यांचा न्याय करावा, ही प्रथा विशेष उल्लेखनीय आहे.