सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक : रिद्धपूरच्या ग्रंथकारांकडून आजच्या यंत्रलेखनासाठी

संगणकाला सूचना लिहिणाऱ्यांसमोर सध्या एक प्रश्न आहे. आपल्या साधनाचे वर्णन अशा वाचकासाठी कसे लिहावे, जो ते वाचून लगेच कामाला लागेल आणि लिहिणाऱ्याला काही विचारायला येणार नाही? हा वाचक म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’, म्हणजे माणसाचे काम अंगावर घेऊन त्यासाठी लागणारी साधने स्वतः निवडणारा आणि चालवणारा प्रोग्रॅम. प्रश्न नवा वाटतो. पण अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेले महानुभाव ग्रंथ वाचताना मला तो फार जुना असल्याचे जाणवते.

चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांच्या अनुयायांपुढे हीच अडचण होती. वचने आठवत होती, पण अर्थ विचारावा तर सांगणारा समोर नव्हता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. केसोबासांनी त्या आठवणींतली स्वामींची वचने वेगळी काढली. तो ‘सूत्रपाठ’.

सूत्र सुटसुटीत झाले, पाठ करायला सोपे झाले. पण ते कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले हे मागे राहिले. एकाला दिलेली आज्ञा सर्वांना लागू आहे, असे वाटण्याचा धोका निर्माण झाला. ही उणीव पंथातल्याच पंडितांनी ओळखली. ‘प्रकरणवश’ या ग्रंथप्रकारात त्यांनी सूत्रामागचा प्रसंग पुन्हा सांगितला.

केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’ची बांधणी त्याहून नेमकी आहे. त्यातल्या ११४ दृष्टांतांची मांडणी तीन भागांची : आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टांत, शेवटी केसोबासांनी लिहिलेले दार्ष्टांतिक. नियम काय, उदाहरण कोणते आणि त्या उदाहरणातली कोणती गोष्ट नियमाला लागू पडते, हे तिन्ही लिहिलेले. नुसते उदाहरण दिले तर वाचक त्यातली भलतीच बाजू धरून बसतो, म्हणून तिसरा भाग.

आता आजचे यंत्र पाहू. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला. एजंट आणि साधने यांना जोडणारी ही एक समाईक पद्धत. तीत साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची, एवढे एजंटासमोर येते. आतला प्रोग्रॅम त्याला दिसत नाही. दृष्टांतपाठातले जन्मांध हत्तीला चाचपतात, तशी ही स्थिती. पायच हाती लागला तर हत्ती खांबासारखाच वाटणार.

समजा, अकोटच्या एका शेतकऱ्याने मोबाइलवर विचारले, ‘कापूस आज विकू की थांबू?’ एजंटाच्या हाती एक साधन आहे आणि त्याचे वर्णन एवढेच : ‘कापसाचे भाव देते.’ हे झाले सूत्र. भाव क्विंटलचा की किलोचा? अकोटच्या बाजार समितीचा की अकोल्याच्या? किमान, कमाल की सर्वसाधारण? सुट्टीमुळे बाजार बंद असेल तर साधन रिकामे उत्तर देते. त्याचा अर्थ ‘आज लिलाव नाही’ असा घ्यायचा की ‘भाव शून्य’ असा? तारीख ०६-०७ अशी लिहिली तर ७ जून की ६ जुलै? पेरणीच्या हंगामात या दोन तारखांमध्ये एका कुटुंबाचे वर्ष सामावलेले असते. माणूस अशा ठिकाणी अडखळतो, शेजाऱ्याला विचारतो. एजंट बहुधा अंदाज बांधतो आणि तोच ठाम शब्दांत सांगतो. म्हणून वर्णनात साधन केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, एकक कोणते, नमुन्याचा प्रश्न आणि उत्तर कसे, आणि त्या उत्तराचा अर्थ काय, हे सारे हवे. म्हणजे सूत्र, प्रकरण, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक.

महानुभावांचे आणखी एक शिस्तीचे काम ‘स्थानपोथी’त दिसते. स्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे सांगताना देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे तोंड करून, हे तिथे नोंदले आहे. गावात कधीही न आलेल्या माणसाला जागा सापडावी, ही त्यामागची काळजी.

याच पंथाने सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्याही वापरल्या. पोथ्या त्यामुळे सुरक्षित राहिल्या, पण वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल करीपर्यंत बाहेरच्या अभ्यासकाला त्या बंदच होत्या. कार्यालयापुरती ठाऊक असलेली संक्षिप्त रूपे साधनाच्या वर्णनात घालणारे आजचे लेखक नकळत हेच करतात. फरक इतकाच, की महानुभावांना झाकायचे होते, यांना उघड करायचे असते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथे जुन्या गद्याचा अभ्यास होईलच. त्या गद्यामागची पद्धतही अभ्यासली जावी, असे मला वाटते. वऱ्हाडातला शेतकरी यंत्राशी मराठीत बोलू लागला आहे. त्या यंत्राच्या हातातल्या साधनांची वर्णने कोणीतरी लिहिणारच. ती लिहिताना आपण जवळ नसू, हे केसोबासांइतके स्पष्टपणे ध्यानात ठेवावे लागेल.