‘इंदरसभा’ कुणी लिहायला सांगितली?

उर्दू नाटकाच्या इतिहासावरची बरीच पुस्तकं उघडली की सुरुवातीलाच एक फ्रेंच माणूस भेटतो. त्याला नाव नाही, गाव नाही. तो लखनौला वाजिद अली शाहच्या दरबारात असतो. एके दिवशी तो बादशहाला युरोपातल्या ऑपेराची गोष्ट सांगतो. शौकीन बादशहा खूश होतो आणि अमानत नावाच्या शायराला हुकूम देतो की, असं काहीतरी आमच्यासाठी लिहा. अमानत ‘इंदरसभा’ लिहितो. कैसरबागेत तिचा प्रयोग होतो, खुद्द बादशहा इंदर होऊन तख्तावर बसतो आणि महालातल्या सुंदऱ्या पऱ्या होऊन नाचतात. उर्दूचं पहिलं गाजलेलं नाटक असं जन्माला आलं म्हणे.

बी.एड.च्या दिवसांत एका गाईडमध्ये ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली. आजही स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये ती तशीच सापडते. गोष्ट इतकी चित्रमय आहे की ती खरी असावी असं वाटतंच. पण हिची चौकशी एका माणसाने फार पूर्वी करून ठेवली आहे, आणि ती एखाद्या जासूसी कादंबरीपेक्षा कमी रंजक नाही. इथे खून झालेला नाही, चोरी झाली आहे. एका माणसाचं श्रेय उचलून दुसऱ्या दोघांच्या खिशात टाकलं गेलं.

आधी मुद्देमाल पाहू. ‘इंदरसभा’ १८५२च्या आसपास लिहिली गेली आणि पुढच्या दोनेक वर्षांत लखनौच्या लोकांसमोर आली. कथानक चार ओळींचं आहे. राजा इंदरच्या दरबारात पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज अशा चार पऱ्या येतात, गातात, नाचतात. सब्ज परीचा जीव गुलफाम नावाच्या शहजाद्यावर जडलेला असतो. काला देव त्याला उचलून आणतो. गुलफाम हट्ट धरतो की मला इंदरची सभा दाखव. लाल देव चहाडी करतो, दोघं पकडले जातात. गुलफाम काफ पर्वतातल्या विहिरीत जातो, परीचे पंख छाटून तिला हाकलून दिलं जातं. ती जोगन होऊन गात फिरते, तिच्या गाण्याची कीर्ती इंदरपर्यंत पोहोचते, आणि तो खूश होऊन ‘माग काय हवं ते’ म्हणतो तेव्हा ती गुलफामला मागून घेते. बस्स. बाकी सगळं गाणं. गझल, ठुमरी, होरी, बसंत, सावन.

आता फ्रेंच माणसाची गोष्ट आली कुठून? ती ठळकपणे दिसते ती मुहम्मद उमर आणि नूर इलाही या जोडीच्या ‘नाटक सागर’ या ग्रंथात. हा ग्रंथ लाहोरहून १९२४ साली निघाला. म्हणजे घटनेनंतर सत्तर वर्षांनी. साक्षीदार सत्तर वर्षांनी उभा राहतो, ज्याच्याबद्दल बोलतो त्याचं नाव सांगू शकत नाही, आणि तरीही पुढच्या कितीतरी लेखकांनी ही साक्ष जशीच्या तशी उतरवून घेतली. ‘नाटक सागर’ तसा मेहनतीचा ग्रंथ आहे, जगभरच्या नाटकाची माहिती उर्दूत आणण्याचा त्याचा प्रयत्न मोठा आहे. पण या एका बाबतीत त्याने ऐकीव गोष्टीला इतिहासाचा दर्जा दिला.

संशय बादशहावरच का गेला, हे समजण्यासारखं आहे. वाजिद अली शाह स्वतः नाटकवेडा होता. गादीवर येण्याच्या आधीच, १८४३च्या सुमाराला, त्याने ‘राधा कन्हैया का किस्सा’ रचून खेळवला होता. कृष्णलीलेच्या रासावरून घडवलेला ‘रहस’ हा नाच-गाण्याचा खेळ त्याच्या दरबाराची खासियत होती. आणि एक धागा तर थेट नाटकातच आहे. गुलफाम जिथला, त्या नगरीचं नाव अख्तरनगर. ‘अख्तर’ हे वाजिद अली शाहचं तखल्लुस, म्हणजे कवी म्हणून घेतलेलं नाव. तेव्हा अख्तरनगर म्हणजे लखनौच, हे उघड आहे. कच्च्या तपासनीसाला एवढा पुरावा पुरेसा वाटेल. पण शहरातल्या शायराने आपल्या शहराला राजाच्या नावाने संबोधणं हा त्या काळचा रिवाज होता. त्यावरून राजाने हुकूम दिला हे सिद्ध होत नाही.

मग खरा आरोपी, म्हणजे लेखक, कोण होता? सय्यद आगा हसन ‘अमानत’. जन्म १८१५-१६चा. सुरुवात केली ती मर्सिया आणि नौह्यांनी, म्हणजे करबलेच्या शोककवितांनी. मियाँ दिलगीर हे मर्सियाचे नामवंत शायर त्याचे उस्ताद. विशीत असताना एका आजारात त्याची वाचा गेली. ज्या शहरात शायराची किंमत मुशायऱ्यात कसा पढतो यावर ठरते, तिथे तरुण शायर मुका झाला. १८४४मध्ये तो इराकला जियारतीला गेला, आणि इमाम हुसेनच्या दर्ग्यात त्याची जीभ पुन्हा सुटली असं सांगतात. सुटली, पण पूर्ण नाही. तोतरेपण राहिलं ते राहिलंच. त्यामुळे तो घराबाहेर फारसा पडत नसे.

हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण अमानतने स्वतः लिहून ठेवलं आहे. ‘शरह-ए-इंदरसभा’ नावाची एक गद्य टिप्पणी त्याने आपल्याच नाटकावर लिहिली. शरह म्हणजे उलगडा. नाटक लाखोंनी वाचलं, पाहिलं, गायलं. शरह मात्र फार थोड्यांनी उघडली. तिच्यात अमानत सांगतो की बोलण्याच्या अडचणीमुळे तो घरीच बसून असे आणि जीव घाबराघुबरा होई. हाजी मिर्झा आबिद अली, तखल्लुस ‘इबादत’, हे त्याचे जवळचे मित्र. एक दिवस तेच म्हणाले की असं रिकामं बसण्यापेक्षा रहसच्या धर्तीवर एखादा जलसा रचा, चार घटका मन रमेल आणि लोकांनाही आवडेल.

बादशहाचा हुकूम नाही, फ्रेंच सल्लागार नाही. घरात कोंडलेल्या मित्राची काळजी वाटणारा एक माणूस आहे.

शरहला पुराव्याच्या मेजावर आणून ठेवणारा तपासनीस म्हणजे लखनौ विद्यापीठाचे प्राध्यापक मसूद हसन रिझवी ‘अदीब’ (१८९३–१९७५). फारसी-उर्दूचे शिक्षक, जुन्या हस्तलिखितांचे वेडे संग्राहक. त्यांनी अमानतची साक्ष घेतली आणि मग बादशहाचीही घेतली. वाजिद अली शाह भरपूर लिहिणारा माणूस. कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला विजनवासात काढलेल्या वर्षांतही त्याने लिहिणं सोडलं नाही. ‘बनी’ या ग्रंथात आपल्या रहसांचे तपशील त्याने हौसेने दिले आहेत. कोणी कुठे उभं राहायचं, काय नेसायचं, सगळं. इतकं सांगणारा माणूस ‘इंदरसभा’ आपण लिहवून घेतली, तीत आपण इंदर झालो, हे सांगायला विसरेल का? रिझवींना त्याच्या लेखनात याचा मागमूस मिळाला नाही. ऑपेरा शिकवणारा दरबारी फ्रेंच माणूसही मिळाला नाही. १९५७मध्ये त्यांची दोन पुस्तकं आली, ‘लखनऊ का शाही स्टेज’ आणि ‘लखनऊ का अवामी स्टेज’. वाजिद अली शाहचे रहस पहिल्यात, अमानतची ‘इंदरसभा’ दुसऱ्यात. शाही एका बाजूला, लोकांची दुसऱ्या बाजूला. नुसती शीर्षकं वाचली तरी निकाल कळतो.

मला स्वतःला यात आणखी एक पुरावा महत्त्वाचा वाटतो. तो नाटकाच्या घडणीत आहे. हे ऑपेरावरून बेतलेलं असतं तर त्यात अंक असते, प्रवेश असते, पात्रं एकमेकांशी गाण्यातून भांडली असती. इथे तसं नाही. प्रत्येक पात्राची ‘आमद’ होते, म्हणजे ते येत असल्याची वर्दी गाण्यातून दिली जाते. लाल पडदा धरलेला असतो, त्यामागे परी उभी. पडदा उचलतात, महताबी पेटवतात, त्या उजेडात परी दिसते. मग ती आपली ओळख सांगते, एकामागून एक चिजा गाते आणि बसते. मग दुसरीची आमद. हा लखनौच्या मैफलीचा आणि रहसचा क्रम आहे. तमाशा पाहिलेल्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. यासाठी पॅरिसहून माणूस बोलवायची गरज नव्हती.

तरीही ही गोष्ट टिकली, कारण ती अनेकांच्या सोयीची होती. कंपनी सरकारने १८५६मध्ये अवध खालसा केलं ते राजा नाचगाण्यात बुडालाय असं सांगून. पऱ्यांच्या घोळक्यात इंदर होऊन बसलेला वाजिद अली शाह हे चित्र त्या आरोपाला अगदी जुळतं. दुसऱ्या बाजूला, विसाव्या शतकात नाटक हा हलका धंदा समजला जात असताना त्याला प्रतिष्ठा हवी होती, आणि राजा व युरोप अशी दुहेरी वंशावळ मिळाली तर कुणाला नको? निंदकांनाही राजा हवा होता, चाहत्यांनाही. तोतरा, घरकोंबडा, मर्सिया लिहिणारा शिया शायर मात्र कुणालाच सोयीचा नव्हता. त्याच्या लेखणीतून इंदरचा दरबार आणि होरी कशी उतरली, हा प्रश्न ज्यांना आज पडतो त्यांना त्या वेळचं लखनौ माहीत नाही एवढंच मी म्हणेन.

थोडा दोष अमानतकडेही जातो. ‘इंदरसभे’तल्या कित्येक रचनांत त्याने ‘अमानत’ऐवजी ‘उस्ताद’ हे नाव घातलं. गंभीर शायर म्हणून मिळवलेलं नाव या खेळाला लावायचा त्याला संकोच वाटला. नाव झाकलं की वाट मोकळी होते. लवकरच गल्लोगल्ली नकला उगवल्या. मदारीलालची ‘इंदरसभा’ त्यातली सर्वात गाजलेली. १८५८-५९मध्ये अमानत वारला तेव्हा त्याचं लखनौही उद्ध्वस्त झालं होतं. भांडायला कोणी उरलं नाही.

राजाचा हात कुठेच नसतो असं मला म्हणायचं नाही. आपल्या सांगलीचंच घ्या. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून राजेसाहेबांनीच भाव्यांना या कामाला लावलं, आणि भाव्यांनी ते स्वतः नमूद केलं आहे. सांगलीत लेखकाची साक्ष आपण मानतो. लखनौच्या लेखकाची साक्ष तेवढी बाजूला का ठेवायची?

‘इंदरसभा’ पुढे फार लांब गेली. मुंबईच्या पारशी कंपन्यांनी ती उचलली. फ्रीडरिख रोझेन नावाच्या जर्मन विद्वानाने १८९२मध्ये लाइपझिगहून तिच्यावर ग्रंथ काढला. हाच माणूस पुढे १९२१मध्ये जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झाला. १९३२मध्ये मदन थिएटर्सने तिच्यावर बोलपट केला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. आणि मराठी संगीत नाटकाचे इतिहासकार सांगतात की अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये पुण्यात पारशी कंपनीची ‘इंद्रसभा’ पाहिली आणि असं मराठीत का होऊ नये, या विचाराने ते ‘शाकुंतला’कडे वळले. ३१ ऑक्टोबर १८८०ला त्याचे पहिले चार अंक रंगमंचावर आले.

वर्गात हा धडा घेताना मी फळ्यावर दोन नावं लिहितो आणि मुलांना वहीत उतरवायला लावतो. सय्यद आगा हसन अमानत. आणि त्याच्याखाली, हाजी मिर्झा आबिद अली इबादत. दुसरं नाव परीक्षेत येत नाही, हे मुलं लगेच ओळखतात. तरी उतरवून घेतात.