बोईसरच्या बंबाचा खर्च कोणाच्या वहीत? (थ्रेड)

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो बंब किती लवकर पोहोचला, हा. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यामागचा दुसराही विचारावा : त्या बंबाचा खर्च कोणत्या कायद्याने कोणाच्या माथी घातला आहे?

मुंबईपुरते उत्तर जुने आहे. १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने अग्निशमन दल राखणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आणि त्याच्या खर्चासाठी मालमत्तेवरील सामान्य करात वेगळी भर घालण्याची तरतूदही केली. कर्तव्य आणि पैसा एकाच कायद्यात! पुढच्या कायदेकारांना हे नेहमी साधले नाही.

पालघरला नगरपरिषद आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार आग विझवणे हे तिचे आवश्यक कर्तव्य. शेजारचे बोईसर मात्र, एवढे वाढूनही, ग्रामपंचायतच. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही आगीच्या वेळी साहाय्य करण्याचा उल्लेख आहे. पण पंचायतीची सगळीच कर्तव्ये तेथे ‘ग्रामनिधीतून शक्य होईल तितपत’ या अटीने बांधलेली आहेत. बंब, चालक, जवान, पाण्याची टाकी, चोवीस तासांच्या पाळ्या... एवढे ग्रामनिधीतून कसे शक्य व्हावे?

१९९३ मध्ये अंमलात आलेल्या दोन घटनादुरुस्त्यांनी ही रेघ अधिकच ठळक केली. ७४ व्या दुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरांच्या यादीत, अग्निशमन सेवा आहे. ७३ व्या दुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत ती नाही. आग शहरालाच लागते, असे जणू गृहीत धरलेले.

बोईसर-तारापूरमध्ये ही पोकळी भरली ती औद्योगिक विकास महामंडळाने. १९६१ च्या कायद्यातून १९६२ साली जन्मलेल्या या महामंडळाने येथे वसाहत उभारली. तिच्यातील अग्निशमन केंद्रही तेच चालवते. म्हणजे आधार कारखानदारांकडून येणाऱ्या आकारांचा. १९६९ पासून वीज देणारे तारापूर अणुऊर्जा केंद्र तर केंद्र सरकारच्या अखत्यारीतले, त्याची वही निराळीच.

२००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम ६ डिसेंबर २००८ रोजी लागू झाला. त्याने शुल्क घेण्याचा मार्ग खुला केला आणि इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याचा भार मालक व भोगवटादारांवर टाकला : परवानाधारक संस्थेकडून तपासणी, आणि दर जानेवारीत व जुलैत प्रमाणपत्र. खर्चाचा मोठा वाटा असा सार्वजनिक तिजोरीतून खासगी खिशाकडे सरकला. वसुली मात्र सोपी नव्हती. मुंबई पालिकेने २०२१ मध्ये हे शुल्क २०१४ पासून मागील थकबाकीसह घेण्याचे ठरवताच विरोध उसळला आणि निर्णय स्थगित झाला.

२०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. त्यांपैकी ५०० कोटी कायदेशीर व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखलेले. महाराष्ट्रासारख्या राज्याने आपला २५ टक्के हिस्सा घालायचा. बंब असा एकदा येतो. डिझेल आणि पगार दर महिन्याला लागतात.

गावाची नगरपरिषद होते, त्या दिवशी आग विझवणे हे तिचे आवश्यक कर्तव्य बनते. पहिल्या अंदाजपत्रकात त्याची रक्कम कोठून घालायची, हे मात्र तिचे तिलाच शोधावे लागते.