टाचेवरची गाठ आणि मेंदू

टाचेमागे गाठ घेऊन बोईसरच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाला बहुधा ‘चरबीची गाठ आहे, काही होत नाही’ एवढेच ऐकायला मिळते. पुष्कळदा ते खरेही असते. पण गाठ कातडीखाली सुटी न हलता टाचेच्या जाड शिरेतच रुजलेली असेल, दोन्ही पायांना आणि बोटांच्या सांध्यांवरही असेल, तर तिथे कोलेस्टेरॉल साठत असण्याची शक्यता धरावी लागते. वैद्यकात या गाठीला झँथोमा म्हणतात. क्वचित ती मेंदूतही वाढते. अशी गाठ आणणाऱ्या आजारांच्या अभ्यासात आपले स्वागत करताना सुरुवात मी मुद्दाम टाचेपासून केली आहे.

अशा गाठींमागचा एक आजार म्हणजे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल. त्यात यकृताच्या पेशी रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पुरेसे उचलत नाहीत. त्यामागचे, एलडीएल उचलणाऱ्या रिसेप्टरचे कोडे उलगडणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चे नोबेल मिळाले. एका पालकाकडून सदोष जनुक आलेली माणसे साधारण 250 ते 300 जणांत एक असतात. दोन्हीकडून आले, तर बालपणीच गाठी दिसतात आणि ऐन तारुण्यात, कधी त्याआधीच, हृदय धोक्यात येते. मामाच्या मुलीशी लग्ने होणाऱ्या घरांत हा योग अधिक जुळतो.

मेंदू मात्र आपले कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. रक्तातल्या एलडीएलला तिथे जवळपास मज्जावच असतो. त्यामुळे या आजारात मेंदूत गाठ झाल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत.

मेंदूच्या आत घर करणारा आजार निराळा, आणि माझ्या मते अधिक फसवा. 1937 साली व्हान बोगार्ट आणि सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिसमध्ये एक एन्झाइम काम करत नाही. पित्ताम्ले नीट बनत नाहीत आणि कोलेस्टॅनॉल साठत जाते. रक्तातले कोलेस्टेरॉल अनेकदा नॉर्मल! तान्हेपणापासून न थांबणारे जुलाब, शाळकरी वयात मोतीबिंदू, मग टाचेच्या गाठी, आणि पुढे तोल जाणे, बुद्धी मंदावणे. कीनोडिऑक्सिकोलिक ॲसिड लवकर सुरू केले तर बरेच नुकसान टळते. उशीर झाला तर गेलेले सहसा परत येत नाही.

जुलाब एका डॉक्टरने पाहिलेले, मोतीबिंदू दुसऱ्याने काढलेला, आणि तोल जाऊ लागल्यावर रुग्ण लोकलने मुंबईला. सगळी हकीकत एका जागी कळू शकते ती घरच्या डॉक्टरांनाच. हा अभ्यास त्यांचा आहे, असे मी मानतो.

पालघरच्या पाड्यांवर सिकलसेलसाठी भावंडे आणि आईवडील तपासण्याचा परिपाठ आहे. तोच या आजारांसाठीही चालेल. तारापूर एमआयडीसीत प्रश्न वेगळा पडतो. तपासणीत ज्याचे एलडीएल 190 मिग्रॅ/डेसिलीटरच्या वर निघाले, त्या कामगाराची मुले अनेकदा उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये गावी असतात. त्यांच्या रक्ततपासणीचा निरोप तिथवर कोणी आणि कसा पोहोचवायचा, याचे उत्तर आपल्याला अजून शोधायचे आहे.